उमेदवारी : शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांच्या घरी सावकारी व कापसाचा व्यापार होता. पेढीच्या गादीवर मात्र त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागी करून त्यांनी १९०३ च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेच्या ठेक्यावर उमेदवारी आरंभिली. लोहमार्ग अवघा अडीच फुटी. परंतु घरची पत पणाला लागलेली! सावकारपुत्राने खडी-मजुरीचा हिशेब कारकुनाच्या संगतीने शिकावा, हे त्या काळी धाडसच होते. पुढे बोरघाटातील बोगदे आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या नळवाहिनीचे काम त्यांच्या हातून झाले. मुलुंड-घाटकोपरकरांना तानसाचे नळ काय नवे? ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे शेठजींचे देहावसान झाले.