ताराबाई मोडक : अंगणात आलेली शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारकी संस्कारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. स्त्रीशिक्षण दुर्मीळ असलेल्या त्या काळात त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटमधील प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षण-प्रयोगात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मादाम माँटेसरी यांचे शिक्षणशास्त्र मराठी आणि गुजराती पालकांपर्यंत पोहोचविण्यात या दोघांचा वाटा मोठा आहे.

तथापि हे शिक्षण महागड्या साधनांचे होते आणि त्याचा लाभ मुख्यतः शहरातील सुस्थित घरांना मिळत होता. ताराबाईंना ही उणीव बोचली. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच तेथील शिक्षणसाधने ठरली.

गावात बालवाडी उघडली. परंतु दलित वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले तेथे येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मुलांना न्हाऊमाखू घालून शाळेत पोहोचविणार कोण? ताराबाईंनी त्याचा दोष पालकांच्या माथी मारला नाही. शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना स्वच्छ करून तेथल्याच अंगणात शिकवू लागल्या. अंगणवाडीचा उगम हा असा आहे.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली घरांतील थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरीच राहत असे. तिच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी निर्माण झाली. तान्हे मूल पाळण्यात विसावले, की तिच्या हाती पाटी येई. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. तेथे शाळाच गुरांमागे कुरणात जाई.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण लाभले. १९७३ साली त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

शब्द पोहोचला, आशय मात्र पुरता पोहोचला नाही. अंगणवाडी काही तासांत सुटते, मजूर आईचा दिवस मावळतीपर्यंत चालतो. उरलेले तास आजही कित्येक घरांत थोरल्या मुलीच्याच शाळेतून वजा होतात. अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळते. आपल्यापैकी अनेकांच्या आया आपल्याला बांधावर, झाडाच्या सावलीत निजवून राबल्या आहेत, आणि अनेकांच्या थोरल्या बहिणींनी आपल्याला कडेवर घेऊन स्वतःची शाळा सोडली आहे. ताराबाईंचे स्मरण करताना त्या बहिणींचेही ऋण आपण मान्य केले पाहिजे, आणि आपल्या वस्तीतील अंगणवाडी किती वाजता सुटते, याची चौकशी केली पाहिजे.