पिओ देल रिओ-होर्तेगा

पिओ देल रिओ-होर्तेगा (५ मे, १८८२:पोर्तियो, वायादोलिद प्रांत, स्पेन - १ जून, १९४५:बुएनोस आइरेस, आर्जेन्टिना) हे स्पॅनिश ऊतकशास्त्रज्ञ होते. मेंदूतील मायक्रोग्लिया हा स्वतंत्र पेशीप्रकार असल्याचे त्यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले. या पेशी मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी म्हणून ओळखल्या जातात.

जीवन

होर्तेगा यांनी १९०५ मध्ये वायादोलिद येथे वैद्यकीय पदवी संपादन केली आणि काही काळ जन्मगावी वैद्यकी केली. पुढे माद्रिदमध्ये त्यांनी निकोलास आचुकारो यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. नोबेल पारितोषिक विजेते सान्तियागो रामोन इ काहाल यांच्याशी शास्त्रीय मतभेद व वैयक्तिक कुरबुरी झाल्याने १९२० मध्ये त्यांना काहाल यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी माद्रिदमधील विद्यार्थीनिवासातील प्रयोगशाळेत काम केले. १९२४ मध्ये मज्जाशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड त्यांच्याकडे शिकण्यास आले. १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर होर्तेगा यांनी देश सोडला. पॅरिस व ऑक्सफर्ड येथे काही काळ राहून ते १९४० मध्ये बुएनोस आइरेसला गेले. तेथेच त्यांचे निधन झाले.

संशोधन

चेतापेशी व ताराकृती पेशींखेरीज मेंदूत आढळणाऱ्या पेशींना काहाल यांनी 'तिसरा घटक' मानले होते. होर्तेगा यांनी विकसित केलेल्या सिल्व्हर कार्बोनेट रंजन पद्धतीमुळे या पेशींचे फाटे स्पष्ट दिसू लागले. या घटकात मायक्रोग्लिया व ऑलिगोडेंड्रोसाइट असे दोन भिन्न प्रकार आहेत, असे त्यांनी दाखविले. मायक्रोग्लिया चेतासंस्थेत उत्पन्न होत नाहीत. त्या भ्रूणाच्या मध्यस्तरातून निघून विकासकाळात मेंदूत शिरतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मेंदूला इजा झाल्यास या पेशी फाटे आखडून गोलसर होतात, स्थलांतर करतात व मृत पेशींचे अवशेष गिळंकृत करतात, हेही त्यांनी नोंदविले.

महत्त्व

मायक्रोग्लियाच्या उगमाविषयी दीर्घकाळ वाद राहिला. उंदरांमध्ये त्या भ्रूणाच्या पीतक कोशातील आद्य पेशींपासून निर्माण होतात, असे २०१० मध्ये दिसून आले व त्या बाहेरून मेंदूत येतात या होर्तेगांच्या मताला पुष्टी मिळाली. वाढत्या मेंदूत मायक्रोग्लिया चेतापेशींमधील अतिरिक्त जोडण्या काढून टाकण्यास साहाय्य करतात, असे २०११ व २०१२ मधील उंदरांवरील अभ्यासांत आढळले. २०१४ मधील एका अभ्यासात, बाल्यावस्थेत मायक्रोग्लियाची संख्या कमी असलेल्या उंदरांमध्ये मेंदूच्या भागांतील परस्परसंपर्क दुर्बल, समूहातील वर्तन सदोष व अंग चाटण्याची क्रिया अधिक आढळली. होर्तेगा यांनी इजा व रोगाच्या संदर्भात वर्णिलेल्या या पेशींचा अभ्यास आता मेंदूचा विकास व वर्तन यांच्या संदर्भातही होतो.