बहिष्कृत बिशप, गरिबांचा सोबती



आंतोनियु आल्वारिस यांचा जन्म १८३६ साली गोव्यातील वेर्णा गावी झाला. ते कॅथलिक धर्मगुरू झाले.

त्या काळी भारतातील अनेक चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा हक्क होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. पोप लिओ तेरावे यांनी १८८६ साली करार करून तो हक्क मर्यादित केला. हे फादर आल्वारिस यांना पटले नाही. ते मलंकरा ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेत गेले. १८८९ साली कोट्टायमला मार युलियुस या नावाने त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. आपल्या ख्रिस्तसभेने त्यांना बहिष्कृत केले. गोव्यात सरकारने त्यांना अटकही केली.

पण गोरगरिबांना त्यांनी अंतर दिले नाही. पटकीवरील उपचारांची पुस्तिका त्यांनी लिहिली. पणजीत निराधार व कुष्ठरोगी यांना आसरा दिला आणि त्यांच्यासाठी रस्त्यावर हात पसरला. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. कॅथलिक धर्मविधी लाभला नाही; निरोपाला मात्र गर्दी लोटली.

ख्रिस्तसभेची एकता मोडणे मला आजही योग्य वाटत नाही. तरीही त्यांचे चरित्र वाचताना मी खजील होतो. आपण खानदेशातले मूठभर कॅथलिक रविवारी न चुकता मिस्साला येतो, श्रद्धांगीकार म्हणतो. पण चर्चच्या फाटकाशी बसलेल्या म्हातारीचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही ठाऊक नाही. आज मिस्सानंतर मी तिला विचारणार आहे. तुम्हीही या.

प्रभूमध्ये आपला,
फादर