सोइचिरो होंडा आणि पाचशे टाकाऊ इंजिनं

होंडा हे नाव आपण रस्त्यावर इतक्या वेळा वाचतो की ते एका माणसाचं आडनाव आहे, हे लक्षातच राहत नाही. हीरो आणि होंडा 2010 मध्ये वेगळे व्हायचं ठरवून मोकळे झाले, तरी दोघांचं जोडनाव टाकीवर मिरवणाऱ्या गाड्या अजून कॉलेजच्या पार्किंगमध्ये दिसतात. आई-बाबांच्या पिढीला तर पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा आठवतेच. पण सोइचिरो होंडा कोण होते असं विचारलं, तर मेकॅनिकलवाले पण गप्प बसतात. म्हणून हा लेख.

सोइचिरोचा जन्म 17 नोव्हेंबर 1906 चा, जपानमधल्या हामामात्सूजवळच्या कोम्यो नावाच्या खेड्यातला. वडील गिहेई लोहार. पुढे ते मोडक्या सायकली विकत घेऊन, दुरुस्त करून विकायला लागले. म्हणजे टाकून दिलेली वस्तू परत चालती करणं हा घरचाच धंदा. अभ्यासात या मुलाचं लक्ष नव्हतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर घरच्यांचा शिक्का लागायचा. मार्क दाखवायला नकोत म्हणून या पठ्ठ्याने सायकलच्या पेडलचं रबर कोरून स्वतःच शिक्का बनवला! तो खपला. मग मित्रांनाही बनवून दिले आणि तिथे पकडला गेला. कारण शिक्का उलटा कोरायला लागतो हे त्याला माहीतच नव्हतं. जपानी लिपीत उभं लिहिलेलं ‘होंडा’ डावी-उजवीकडून सारखंच दिसतं, म्हणून पहिला शिक्का चालून गेला होता.

1922 मध्ये, पंधराव्या वर्षी, तो टोकियोच्या आर्ट शोकाई या गॅरेजमध्ये उमेदवारीला लागला. पहिले काही महिने पाना हातात मिळालाच नाही, मालकाचं बाळ सांभाळायचं काम मिळालं. 1 सप्टेंबर 1923 ला टोकियोत मोठा भूकंप झाला, आगी लागल्या. बरेचसे कामगार गावी निघून गेले आणि मागे राहिलेल्यांवर जळालेल्या गाड्या परत उभ्या करायचं काम पडलं. माझ्या मते त्याचं खरं इंजिनिअरिंग इथे सुरू झालं. 1928 मध्ये मालकाने त्याला हामामात्सूला शाखा काढून दिली.

दुरुस्ती करून कंटाळा आला तेव्हा होंडांनी पिस्टन रिंग बनवायचं मनावर घेतलं. रिंग काही जमेना. धातूशास्त्र येत नाही हे कळल्यावर, लग्न झालेला, कारखाना चालवणारा हा माणूस हामामात्सूच्या तंत्रशाळेत पोरांबरोबर जाऊन बसला. हवं तेवढं शिकले, परीक्षा दिल्या नाहीत, डिप्लोमा मिळाला नाही. (आपल्याकडे अटेंडन्सवरच अडले असते!) इतकं करूनही तीस हजार रिंगांमधून टोयोटाकडे तपासायला गेलेल्या 50 पैकी पास झाल्या फक्त 3. पुढे जमलं. मग युद्धात बॉम्ब पडले, 1945 च्या जानेवारीत भूकंप आला. युद्ध संपल्यावर त्यांनी कंपनी टोयोटाला विकून टाकली आणि वर्षभर काहीच केलं नाही.

आता मला ज्याच्याबद्दल लिहायचं होतं तो भाग. 1946 चा जपान. रेल्वे खचाखच भरलेल्या, पेट्रोल रेशनवर, लोक सायकलवर मैलोन् मैल जाऊन धान्य आणायचे. होंडांना एका ओळखीच्या घरी एक छोटं टू-स्ट्रोक इंजिन दिसलं. लष्कराच्या वायरलेस सेटला वीज देणाऱ्या जनरेटरचं. युद्ध संपल्यामुळे अशी इंजिनं कुणालाच नको होती. त्यांनी ते सायकलला जोडलं. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून काय लावलं? अंथरुणात शेकायला घेतात ती गरम पाण्याची बाटली.

अशी सुमारे 500 इंजिनं त्यांनी मिळवली. ती आहेत तशी सायकलला लावून विकली असती तरी त्या दिवसांत लोकांनी घेतली असती. पण प्रत्येक इंजिन सुटं करून, नीट करून, चालवून बघूनच ते सायकलवर चढायचं. हे वाचताना सोपं वाटतं. मागच्या वर्षी आम्ही चौघांनी वर्षानुवर्षं उभी असलेली एक सेकंडहँड 100 सीसी गाडी होस्टेलच्या शेडमध्ये चालू केली, तेव्हा मला त्यातली मेहनत कळली. प्लगला स्पार्क होता, कॉम्प्रेशन होतं, तरी किक मारून पाय दुखले. कार्बोरेटर उघडला तर फ्लोट बाउलमध्ये जुन्या पेट्रोलचा वाळून लाखेसारखा थर झालेला. पायलट जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, आणि ते पूर्ण बुजलेलं. तार घालायची नाही, कारण पितळ ओरखडलं की भोक मोठं होतं आणि मिश्रणाचं माप बिघडतं. जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवायचा, हवा मारायची, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघायचं. एका कार्बोरेटरला आमचा आख्खा रविवार गेला. इथे पाचशे इंजिनं होती.

पहिल्या नमुन्यावर होंडांनी बायकोला, साची यांना, बसवलं. बाई चालवत असली की लोक बघतील, हा एक हिशोब. त्या गावभर फिरून आल्या तर त्यांची चांगल्यातली पायघोळ विजार तेलाने माखलेली! टू-स्ट्रोकचं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण कार्बोरेटरमधून मागे उडत होतं. अशाने गिऱ्हाईक रागावेल, असं त्यांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. एरवी कुणाचं न ऐकणाऱ्या होंडांनी हे मात्र ऐकलं आणि विक्रीच्या गाडीत तो दोष सुधारला. होंडा कंपनीची पहिली टेस्ट रायडर एक गृहिणी होती, हे आपल्या मुलींच्या होस्टेलने नोंद करून ठेवावं.

इंजिनं संपली तेव्हा त्यांनी स्वतःचं बनवलं. 1948 मध्ये होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आले आणि पैशाचं, विक्रीचं सगळं त्यांनी बघायचं असं ठरलं. 1954 मध्ये कंपनी बुडायची वेळ आली. ड्रीम गाडीचं मोठं केलेलं मॉडेल बाजारात गेलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. होंडा स्वतः मागे लागले तेव्हा दोष सापडला तो परत कार्बोरेटरमध्येच. त्याच जूनमध्ये ते आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत बघायला गेले. तिथल्या गाड्यांची ताकद आपल्या तिप्पट आहे हे बघून हादरले, आणि परत येऊन कामाला लागले. 1961 मध्ये 125 आणि 250 सीसी, दोन्ही गटांत पहिले पाच नंबर होंडाचे.

पण मला हा माणूस निव्वळ हीरो म्हणून रंगवायचा नाही. ते भयंकर तापट होते. काम चुकलं की कारखान्यात हातातलं अवजार फेकायचे, माणसांवर हात टाकायचे. आणि स्वतःच्या हातावर इतका विश्वास की एअर-कूल्ड इंजिन सोडायला तयारच नव्हते. शेवटी पाणीसुद्धा हवेनेच थंड करायचं, मग मधे पाणी कशाला, हा त्यांचा युक्तिवाद. 1968 मध्ये रुआँच्या शर्यतीत त्यांची एअर-कूल्ड फॉर्म्युला वन कार उलटून पेटली आणि जो श्लेसर हा ड्रायव्हर गेला. तरी 1969 ची होंडा 1300 कार एअर-कूल्डच निघाली. धुराचे नियम कडक होत होते, तरुण इंजिनिअर पाणी मागत होते, पण साहेबांपुढे बोलणार कोण? शेवटी ते फुजिसावांकडे गेले. फुजिसावांनी होंडांना एवढंच विचारलं, की तुम्हाला कंपनीचा अध्यक्ष म्हणून राहायचं आहे की इंजिनिअर म्हणून. होंडा अध्यक्ष राहिले. पाण्याला परवानगी मिळाली.

त्या पोरांनी 1972 मध्ये सीव्हीसीसी इंजिन जगापुढे आणलं. प्लगजवळच्या छोट्या खोलीत पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण पेटतं, आणि ती ज्वाला मुख्य सिलिंडरमधलं पातळ मिश्रण जाळते. दोन्ही मिश्रणं पुरवतो कार्बोरेटर. अमेरिकेच्या 1975 साठीच्या कडक नियमात सगळ्यात आधी बसलं ते हेच इंजिन. होंडा खूश झाले, आता अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांना गाठू म्हणाले. त्यावर आपण हे कंपनीसाठी नाही, समाजासाठी करतोय, असं तरुणांनी सुनावलं. आपण म्हातारे झालो हे त्या दिवशी कळलं, असं ते पुढे कबूल करायचे. 1973 च्या ऑक्टोबरमध्ये ते आणि फुजिसावा एकदमच निवृत्त झाले.

त्यानंतर ते जपानभरच्या कारखान्यांत आणि दुकानांत फिरले, प्रत्येकाशी हात मिळवायला. एका कामगाराने ऑइलने माखलेला हात मागे घेतला, तर तोच त्यांनी धरला. 5 ऑगस्ट 1991 ला टोकियोत ते वारले. कंपनीने मोठी अंत्ययात्रा काढायची नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. गाड्या विकणाऱ्या माणसामुळे रस्त्यात ट्रॅफिक तुंबायला नको म्हणून.