निकोला अपेर

निकोला अपेर यांचा जन्म १७४९ साली फ्रान्समधील शालों या गावी एका खानावळवाल्याच्या घरी झाला. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी मिठाईचे दुकान थाटले. फळे साखरेत मुरवावीत, तर साखर महाग आणि फळाची मूळ चवही हरपे. स्ट्रॉबेरी, रासबेरी यांसारखी नाजूक फळे तर पाहता पाहता नासत. ही फळे वर्षभर टिकावीत, या ध्यासाने अपेर यांनी दुकान सोडले व अनेक वर्षे प्रयोग केले. फळे जाड काचेच्या बाटलीत भरून बूच घट्ट ठोकायचे, ते तारेने बांधायचे आणि बाटली पाण्यात ठेवून उकळायची. रीत साधीच, परंतु कोणत्या पदार्थाला किती वेळ उष्णता द्यावी, हे ठरवण्यात त्यांचे आयुष्य वेचले गेले.

१८१० साली फ्रेंच सरकारने कृती प्रसिद्ध करण्याच्या अटीवर त्यांना १२,००० फ्रँक दिले. त्यांनी पेटंट न घेता घरोघरी उपयोगी पडेल असे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी मात्र अशाच कृतीचे पेटंट मिळवले! १८१४ च्या युद्धात अपेर यांचा मासी येथील कारखाना उद्ध्वस्त झाला.

उकळलेले फळ का टिकते, याचे खरे कारण सूक्ष्मजीवांवरील संशोधनातून लुई पाश्चर यांनी पुढे १८६० च्या दशकात उलगडले. अपेर त्यापूर्वीच, १८४१ साली, दारिद्र्यात निवर्तले होते. त्यांचे दफन गोरगरिबांच्या सामाईक कबरीत झाले.