अमेरिकेचा नामवंत नेमबाज, पण त्याच्या नावाची पुंगळी आज अमेरिकेतलेच नेमबाज भंगारात टाकतात

अमेरिकेत बऱ्याच हौशी नेमबाजांच्या गॅरेजमध्ये टेबलाला एक लोखंडी यंत्र घट्ट बसवलेलं असतं. त्याला एक लांब दांडा असतो. या यंत्राला म्हणतात रिलोडिंग प्रेस. गोळी झाडल्यावर बंदुकीतून बाहेर पडलेली पितळी पुंगळी उचलायची, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची आणि तिच्यापासून नवं काडतूस तयार करायचं, असं हे काम.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. त्यामुळे हे यंत्र आपल्यापैकी फारसं कुणी पाहिलेलं नसतं. अमेरिकेत मात्र कोणती प्रेस घ्यावी यावर तासन् तास चर्चा होते.

रायफलची काडतुसं थोडीच, पण नेमकी हवी असतील तर सिंगल स्टेज प्रेस घ्यायची. ती मजबूत असते आणि एका वेळी एकच काम करते. हँडगनची शेकडो काडतुसं लागत असतील तर प्रोग्रेसिव्ह प्रेस. तिच्यात दांडा एकदा ओढला की चार-पाच कामं एकदम होतात. या दोघींच्या मधली टरेट प्रेस. तिच्यात सगळे साचे एका फिरत्या चकतीवर बसवलेले असतात.

पण यातली कुठलीही प्रेस घ्या, एका प्रकारच्या पुंगळीपुढे ती अडते. त्या पुंगळीला म्हणतात बर्डन.

हे नाव एका माणसाचं आहे. गंमत म्हणजे तो स्वतः अमेरिकन होता आणि आपल्या काळातला अमेरिकेतला नावाजलेला नेमबाज होता.

पाव भाजण्यापासून सोनं काढण्यापर्यंत

हायरम बर्डनचा जन्म १८२४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या फेल्प्स या गावी झाला. पुढे तो मेकॅनिकल इंजिनीअर झाला. डोकं सतत चालणारं. खनिज कुटून त्यातलं सोनं वेगळं काढायचं यंत्र त्याने बनवलं. मोठ्या प्रमाणावर पाव तयार करणारी यांत्रिक बेकरीही त्याने उभी केली. यातून त्याच्या हाती पैसा आला आणि नाव झालं.

या सगळ्यासोबत त्याला रायफलचा नाद होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा नेमबाज म्हणून त्याची ख्याती देशभर होती. त्याने सरकारपुढे एक कल्पना मांडली. वेगवेगळ्या राज्यांतून उत्तम नेमबाज निवडायचे आणि त्यांची स्वतंत्र पलटण उभी करायची.

भरतीची अट कडक होती. २०० यार्डांवरून लागोपाठ १० गोळ्या झाडायच्या आणि त्या मध्यबिंदूपासून सरासरी ५ इंचांच्या आत बसायला हव्यात. बाकीचं सैन्य निळ्या कपड्यांत असताना या पलटणीला हिरवा गणवेश मिळाला, झाडीत मिसळून जाणारा.

बर्डनला आपल्या लोकांसाठी शार्प्स रायफल हवी होती. ती मागच्या बाजूने भरता यायची, त्यामुळे शिपायाला जमिनीवर पडल्या पडल्या पुन्हा भरता यायची. पण लष्कराचा शस्त्रविभाग तयार नव्हता. अशा बंदुका दिल्या तर शिपाई काडतुसं उधळतील, अशी तिथल्या वरिष्ठांची भीती होती. अखेर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी छावणीला भेट दिली, स्वतः गोळ्या झाडून पाहिल्या, आणि त्यानंतर शार्प्स रायफलींचा मार्ग मोकळा झाला. रायफली शिपायांच्या हातात पडेपर्यंत मात्र १८६२ उजाडलं.

२ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या लढाईत बर्डन आपल्या साधारण १०० नेमबाजांना आणि मेन राज्याच्या पलटणीला घेऊन पिट्झर्स वूड्स या झाडीत शिरला. तिथे त्यांची गाठ अलाबामाच्या ब्रिगेडशी पडली. आपल्यासमोर शत्रू मोठ्या संख्येने जमतोय, ही खबर या चकमकीमुळे मागच्या सेनापतींना मिळाली.

पलटणीचं नाव झालं, पण बर्डनचं तितकं नाही. सोबतच्या अधिकाऱ्यांमध्ये त्याच्याबद्दल बरं मत नव्हतं. लढाई जवळ आली की कर्नलसाहेब मागे असतात, अशी कुजबुज कायम चालायची. जानेवारी १८६४ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि तो पुन्हा यंत्रांकडे वळला.

ऐरण कुठे ठेवायची?

यादवी युद्धाच्या काळात धातूच्या पुंगळीची काडतुसं पुढे येत होती. त्यातली मुख्य अडचण होती ठिणगीची. पुंगळीच्या बुडाशी प्राइमर नावाची छोटी वाटी असते, तिच्यात आघाताने पेटणारं रसायन असतं. बंदुकीची पिन त्या वाटीवर आदळते. पण नुसतं आदळून भागत नाही. लोहाराच्या हातोड्याखाली ऐरण लागते, तशी या रसायनाच्या मागेही काहीतरी टणक लागतं. त्याशिवाय ते चिरडत नाही आणि पेटत नाही.

बर्डनने ही ऐरण पुंगळीतच घडवली. पुंगळीच्या बुडातलं पितळ मध्यभागी उंचवट्यासारखं वर आणलं आणि त्याच्या दोन बाजूंना बारीक छिद्रं ठेवली. ठिणगी या छिद्रांतून दारूपर्यंत जाते. प्राइमर म्हणजे मग फक्त एक साधी वाटी उरली, बनवायला सोपी आणि स्वस्त. २० मार्च १८६६ ला त्याला याचं पेटंट मिळालं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वुलविचच्या रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख एडवर्ड बॉक्सर याने दुसरा मार्ग काढला. त्याने ऐरण प्राइमरच्या वाटीतच बसवली. त्यामुळे प्राइमर करायला थोडा किचकट झाला, पण पुंगळीच्या बुडाशी मधोमध एकच छिद्र पुरेसं झालं.

रिलोडिंगचा सगळा प्रश्न या एका छिद्रावर येऊन थांबतो.

प्रेसमध्ये पुंगळी दाबली जाते, तेव्हा साच्याच्या मधली एक पिन आत शिरते आणि जळालेला प्राइमर खालून ढकलून बाहेर काढते. बॉक्सरच्या पुंगळीत ती पिन मधल्या छिद्रातून सरळ आरपार जाते. बर्डनच्या पुंगळीत मात्र मधोमध भरीव पितळाची ऐरण असते. पिन तिच्यावर आदळते आणि वाकते किंवा तुटते. सिंगल स्टेज प्रेसवर हे हाताला लगेच जाणवतं. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर मात्र अशी एक पुंगळी शिरली की सगळ्या रांगेचं काम अडतं.

बर्डनचा प्राइमर काढताच येत नाही असं नाही. आकड्याने उचकटून किंवा पुंगळीत पाणी भरून दाब देऊन तो निघतो. पण एकेका पुंगळीमागे इतकी खटपट कोण करणार?

नावांची अदलाबदल

पुढे जे झालं ते दोघांच्याही देशांच्या उलट झालं. अमेरिकेत शिकारी आणि वस्ती करायला निघालेली माणसं दुकानापासून लांब राहायची. त्यांना पुंगळी पुन्हा वापरायची होती. लष्करालाही शिपायांच्या सरावासाठी तेच सोयीचं होतं. त्यामुळे अमेरिकेने इंग्रज बॉक्सरची पद्धत उचलली.

युरोपातल्या सैन्यांना पुंगळी परत गोळा करायची नव्हती, स्वस्तात लाखो काडतुसं हवी होती. त्यांनी अमेरिकन बर्डनची पद्धत घेतली. पुढे खुद्द ब्रिटिशांच्या थ्री नॉट थ्रीची बहुतेक लष्करी काडतुसंही बर्डन पद्धतीचीच होती. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात ब्रिटिशांच्या काळात हीच काडतुसं बनायची.

बर्डनला सगळ्यात मोठा मान मिळाला तो रशियात. त्याच्या रचनेची रायफल रशियन सैन्याने १८६८ मध्ये घेतली, आणि १८७० मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती. नंतर तुला, इझेव्स्क आणि सेस्त्रोरेत्स्कच्या कारखान्यांत तिचं मोठं उत्पादन झालं. १८९१ मध्ये सैन्याने नवी रायफल स्वीकारल्यावर या जुन्या बंदुका शिकाऱ्यांकडे गेल्या आणि बेर्दान्का हा शब्द रशियन बोलीत कायमचा रुजला.

मायदेशात मात्र त्याचं सरकारशी भांडण चालू राहिलं. लष्कराच्या स्प्रिंगफील्ड रायफलींमध्ये आपल्या पेटंटमधली रचना वापरली, पण मोबदला दिला नाही, असं त्याच्या कंपनीचं म्हणणं होतं. ३१ मार्च १८९३ ला वॉशिंग्टनमध्ये बर्डनचं निधन झालं. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याला पुरलं. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला तो १८९५ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर दोन वर्षांनी.

आजही अमेरिकेत प्रेस घ्यायला निघालेल्या नवशिक्याला जाणकार माणूस आधी एक साधं काम सांगतो. जवळच्या पुंगळ्यांमध्ये टॉर्च मारून बघ. तळाशी मधोमध एक छिद्र दिसलं तर ती पुंगळी ठेव, दोन दिसली तर बाजूला टाक. अचूक नेम हा ज्याचा आयुष्यभराचा ध्यास होता, त्या माणसाचं नाव त्याच्या देशातले नेमबाज असं रोज घेतात, आणि तेही पुंगळी भंगाराच्या डब्यात टाकताना.