विषाणूची अक्षरं वाचणारे फ्रेड सँगर

मुलांनो, कोविडच्या काळात बातम्यांमध्ये सारखं यायचं, विषाणूचा नवा प्रकार सापडला. विषाणू तर डोळ्यांना दिसतही नाही. मग तो बदललाय हे कळतं कसं? त्याच्या जीनोममधली अक्षरं वाचून. ही अक्षरं असतात फक्त चार, पण ती हजारोंच्या ओळीत असतात. अशी ओळ वाचायची वाट फ्रेड सँगर यांनी घालून दिली.

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १९१८ रोजी इंग्लंडमधल्या रेंडकम्ब या खेड्यात झाला. वडील डॉक्टर होते. सँगर केंब्रिजला शिकत असतानाच आई आणि वडील दोघेही कर्करोगाने गेले. पुढे इन्सुलिनचे ५१ घटक कोणत्या क्रमाने जोडलेले आहेत, हे त्यांनी शोधून काढलं. त्यासाठी १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

एवढं झाल्यावर एखादा माणूस मोठा साहेब होऊन खुर्चीत बसला असता. सँगर मात्र परत स्वतः प्रयोग करायला लागले. मधली काही वर्षं तर हाती फारसं लागलंच नाही.

मग त्यांनी फाय-एक्स-१७४ नावाचा विषाणू घेतला. तो माणसांना नाही, जिवाणूंना छळतो. १९७७ मध्ये सँगर यांच्या गटाने त्याची ५,३७५ अक्षरं छापली. डीएनए असलेल्या विषाणूचा पूर्ण जीनोम पहिल्यांदाच वाचला गेला होता.

त्यात एक गंमत निघाली. न-व-रा-त ही चार अक्षरं घ्या. पहिल्यापासून तीन वाचली तर 'नवरा', दुसऱ्यापासून तीन वाचली तर 'वरात'! या विषाणूतही काही ठिकाणी तीच अक्षरं दोन वेगळ्या जनुकांसाठी वापरलेली होती.

अक्षरांची जुळवाजुळव करायला संगणकाची मदत लागली. त्यांचे सहकारी मायकेल स्मिथ यांचे मेहुणे डंकन मॅक्कॅलम यांनी कोबोलमध्ये प्रोग्रॅम लिहिला. कोबोल म्हणजे बँकांचे हिशेब करणारी भाषा! मी स्वतः आयटीत आहे, त्यामुळे हे वाचून मला फार मजा वाटली.

पण छापलेल्या अक्षरांत चुका होत्या. त्याच वर्षी सँगर यांनी वाचनाची आणखी चांगली पद्धत काढली. डीएनएची नक्कल होत असताना त्यात थोडी 'खोटी' अक्षरं मिसळायची. खोटं अक्षर लागलं की नक्कल तिथेच थांबते. असे लहानमोठे तुकडे लांबीप्रमाणे लावले की कुठे कोणतं अक्षर आहे ते कळतं. ही पद्धत वापरून त्यांच्या गटाने आपलंच काम पुन्हा तपासलं आणि १९७८ मध्ये सुधारून छापलं. आता अक्षरं भरली ५,३८६.

१९८० मध्ये त्यांना दुसरं नोबेल मिळालं. 'सर' ही पदवी मात्र त्यांनी नाकारली, कारण लोकांनी आपल्याला सर म्हणावं हेच त्यांना नको होतं. १९८३ मध्ये ते निवृत्त झाले आणि घरच्या बागेत रमले. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी, ९५ व्या वर्षी ते केंब्रिजमध्ये वारले. त्यांच्या नावाची संस्था जवळच हिंक्स्टन गावात आहे. कोविडच्या लाखो नमुन्यांची अक्षरं तिथेच वाचली गेली.